फुटबॉल

झोपे सर. पूर्ण नाव रघुनाथ तोताराम झोपे,
गाव न्हावी, तालुका यावल, केळीच्या पाटावरचं.
पोरं म्हणायची, आडनाव तेवढं झोपे,
माणूस रात्री दोनला वॉर्डात उभा.

मी सिकंदर तडवी. धुळ्याच्या सिव्हिलात
एकतीस वर्षं ईसीजी काढला.
छातीवर वाट्या लावल्या, जेली पुसली,
कागद फाडून सरांच्या हातात दिला.
एवढीच आमची ओळख. पुष्कळ झाली.

पहिल्या तासाला सर हृदयाचं चित्र काढत नसत.
टेबलावर ठेवत एक गंजका फुटबॉल.
खेळायचा नव्हे. विहिरीत, पाइपाच्या बुडाशी असतो तो,
पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही.
पुण्याकडची पोरं हसत.
चोपड्या-शिरपूरची हसत नसत;
त्यांनी बापाला भर उन्हात विहिरीत उतरताना पाहिलेलं,
मोटार चालू, अन् पाटात थेंब नाही.
"झडप," सर म्हणत. "उघडायची तेव्हा उघडते का,
मिटायची तेव्हा मिटते का.
वर्षभर एवढंच. बाकीचं पुस्तकात आहे."

घरची बोली लेवा. अहिराणी शिकले ओपीडीत.
साक्रीच्या म्हातारीला सांगत,
"माय, तुना फुटबॉल गयी ऱ्हायना."
म्हातारी मान डोलवी. तिला कळलेलं असे.
एमडीच्या पोरांना अजून सहा महिने लागत.

अक्राणीवरून लेकरं येत,
दोन जीप बदलून, मग एसटी.
आधी घसा, मग सांधे, मग जिना चढताना धाप.
सर स्टेथोस्कोप तळहातात ऊबवून मग लावत.
एकदा नळ्या माझ्याच कानात अडकवल्या: "ऐक."
जिनिंग चालावी लांब, भिंतीपलीकडे, रात्रपाळीला,
तसं काहीतरी. नऊ वर्षांच्या पोरीच्या आत.
गुली पावरा नाव. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन.
"बाविसावा दिवस आपला नाही," सर म्हणाले,
कोणाला ते कळलं नाही.

तोंडी परीक्षेत आमदाराचा पुतण्या नापास केला.
फोन वाजायला लागला.
मला म्हणाले, उचल, आणि सांग,
सरांच्या कानात नळ्या आहेत.

आणि ते पोरगं, ज्याची फाईल मुंबईला गेली
आणि सही होऊन परत यायच्या आत
जे नंदुरबारच्या स्टँडवर बापाच्या मांडीवर गेलं.
त्या दिवशी सर तासाला आले,
फुटबॉल टेबलावर ठेवला,
पाव तास त्याच्याकडे बघत राहिले, निघून गेले.
हजेरी घेतली नाही.
मी तो फुटबॉल उचलून कपाटात ठेवला. जड होता.

निवृत्तीच्या आदल्या बुधवारी
दार लावलं, शर्ट काढला, म्हणाले, काढ.
नाव लिहू नकोस.
मशीन चालत होतं, मी कागदाकडे बघत नव्हतो.
एकतीस वर्षांत काही कळत नाही असं थोडंच असतं.

कागद घेऊन सरळ तासाला गेले.
फळ्याला चिकटवला. सांगा.
कोणी काय, कोणी काय. शेवटच्या बाकावरून
फेगडे नावाची मुलगी म्हणाली,
"सर, ह्या माणसाला आज घरी सोडू नका."
"बरोबर," सर म्हणाले, आणि तिला मार्क लिहिले.
उरलेली वीस मिनिटं शिकवली.
मग माझ्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरले, थांबत थांबत.

त्यानंतर चार वर्षं होते. न्हावीला. केळीत.

तो कागद माझ्याकडे आहे.
थर्मल कागद, रेघ टिकत नाही त्यावर;
ठोके केव्हाच उडून गेले,
नुसते गुलाबी चौकोन राहिलेत.
कोपऱ्यात मात्र पेन्सिल आहे, सरांचं तिरकं अक्षर,
फळ्याकडे जाता जाता लिहिलेलं असणार:
गुली. आज एकविसावा. आली का?

आली होती.
इंजेक्शन घेऊन पायरीवर बसली होती, बिस्किट खात.
सर कुठेत, तिनं विचारलं.
मी म्हटलं, तासावर आहेत.